माणदेशची सरहद्द

मराठी मुलखांत सहारासारखें वाळवंट नाहीं. तथापि अवर्षणानें रुक्ष झालेला आणि दीर्घकाल राज्यांची सरहद्द म्हणून नांदलेला एक प्रदेश आमच्या शिराळ्याहून फारसा दूर नाहीं. शिराळ्याच्या पश्चिमेस चांदोलीच्या रानांत आषाढमासीं सूर्यदर्शन दुर्मिळ होतें. तेच ढग कृष्णा ओलांडून पूर्वेस जातांना रिते होतात, आणि माण-खटावांत वर्षाकांठीं वीस इंच पाऊस पडला तरी कुणबी समाधान मानतो.

अशा मुलखांत इतिहासाच्या अभ्यासकानें कसें हिंडावें? राल्फ बॅगनोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १९२० नंतरच्या दशकांत पाणी, पेट्रोल व शिधा बरोबर घेऊन फोर्ड मोटारींतून लिबियाचें वाळवंट धुंडाळिलें. आपल्याकडेही आतां निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारी मिळूं लागल्या आहेत. त्यांचा खरा लाभ ऐषआरामाचा नव्हे. मुक्कामासाठीं रोज शहरांत परतणारा प्रवासी एकेक किल्ला सुटा पाहतो. गडाच्या पायथ्याशीं रात्र काढून पुढें निघणाऱ्यास किल्ल्यांची सबंध सांखळी ध्यानांत येते.

ही सांखळी म्हणजे काय, हें ग्रँट डफनें नमूद केलें आहे. १८१८ पासून चार वर्षें हा गृहस्थ साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. १६७६ सालीं शिवछत्रपतींनीं ताथवडा ते पन्हाळा यांमधील उघडा मुलूख पुन्हां हस्तगत केला, आणि शेजारच्या जहागीरदारांचा उपद्रव टळावा म्हणून तेथें किल्ल्यांची ओळ उभी करविली, असें तो सांगतो. शिराळ्याहून निघाल्यास प्रथम वाळवें तालुक्यांतील मच्छिंद्रगड, मग कऱ्हाडनजीकचा सदाशिवगड, पुढें खटावच्या सपाटींत एकटाच उभा असलेला भूषणगड आणि शेवटीं सातारा-पंढरपूर रस्त्यावरील वर्धनगड लागतो. राजगड-रायगडाची दुर्गमता यांत नाहीं. पूर्वेकडील मोकळ्या रानावर नजर ठेवणें हेंच यांचें काम.

परंतु नजर ठेवावयाची ती कोणावर? सरहद्दीपलीकडे विजापूरकर, एवढेंच उत्तर आपण देतों. तें अपुरें आहे. पलीकडे म्हसवडचे माने होते, फलटणचे निंबाळकर होते. म्हणजे मराठेच होते. सईबाई फलटणच्या निंबाळकरांची कन्या, आणि महाराजांची कन्या सखूबाई त्याच घराण्यांत दिलेली. ही सरहद्द सोयऱ्याधायऱ्यांच्या अंगणांतून गेलेली होती. १६९७ सालीं सेनापति संताजी घोरपडे याच माणदेशाच्या बाजूस मारले गेले, तेही नागोजी माने यांच्या हातून. त्यामागें मेहुणा अमृतराव निंबाळकर याच्या वधाचा सूड होता.

या घराण्यांस केवळ फितूर म्हणून निकालांत काढणें सोपें आहे. आमच्या मतें येथें पावसाचा विचार केल्यावांचून न्याय होणार नाहीं. जेथें शेत चार वर्षांत एकदांच नीट पिकतें, तेथें वतनाची सनद हेंच खरें पीक. आणि सनद देणारा धनी बदलणें म्हणजे घराचा पाया हलविणें.

आज कऱ्हाडनजीक टेंभू येथें कृष्णेचें पाणी उपसून आटपाडी-सांगोल्याकडे नेलें जातें, आणि जुनी सरहद्द कांहीं ठिकाणीं उसाखालीं दिसेनाशी होत आहे. म्हणून आमच्या तरुण विद्यार्थ्यांनीं ही वाट चालावी ती श्रावणांत नव्हे, वैशाखांत. भूषणगडावरून चहूंकडे करपलेलें रान पाहिलें, म्हणजे ही माणसें कोणत्या काळजीनें धनी निवडीत होतीं, हें कागदपत्रांइतकेंच स्पष्ट कळतें.