पाणीगेट : एका वेशीचे नाव

बडोद्याच्या जुन्या शहरात मांडवीच्या मनोऱ्यापासून चार रस्ते चार वेशींकडे निघतात. पश्चिमेस लहरीपुरा, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडी आणि पूर्वेस पाणीगेट. या पूर्वेकडूनच आजव्याची वाट आहे आणि आजव्याच्या तलावाचे पाणी बडोदेकर पितात. वेशीचे नाव त्या पाण्यावरूनच पडले असेल, असा तर्क कोणीही करील. पण कालक्रम त्याच्या आड येतो. तलावाच्या कामास १८८५ साली आरंभ झाला आणि १८९२ साली नळांतून पाणी शहरात आले. वेशीचे नाव त्याहून जुने आहे.

गावाचे मूळ नाव वडाच्या झाडाचे. राष्ट्रकूट कर्कराज सुवर्णवर्ष याने इ. स. ८१२ मध्ये वटपद्रक हे गाव एका ब्राह्मणास दान दिले. त्या ताम्रपटात गावाची सीमा सांगताना पश्चिमेस अंकोट्टक, म्हणजे आजचे अकोटा, आणि दक्षिणेस एक तलाव नोंदला आहे. सोन्याचा पाऊस पाडणारा असे बिरुद मिरविणाऱ्या राजाच्या लेखकालाही गाव ओळखण्यासाठी पाण्याची खूण लागली!

पुढे सोळाव्या शतकात गुजरातच्या सुलतानाचा पुत्र खलीलखान, म्हणजे नंतरचा दुसरा मुजफ्फरशहा, याने तटबंदीचे नवे शहर वसविले आणि त्याचे नाव दौलताबाद ठेवले. हे नाव लोकांच्या तोंडी बसले नाही. दौलत गेली, वड राहिला. १७३४ पासून गायकवाडांचा अंमल स्थिर झाला, तेव्हाही शहर बडोदेच होते. वेशीच्या नावातले ‘पाणी’ तर मराठी व गुजराती घरांत एकच. इंग्रजी अमदानीत त्याला फक्त ‘गेट’ चिकटले.

ज्या शहराची तहान विहिरी, वाव आणि तलाव यांवर भागत असे, तिथे पाण्याकडे नेणाऱ्या दरवाजाला पाण्याचे नाव पडावे, हे सयुक्तिकच आहे. त्या विहिरी उन्हाळ्यात आटत, तलाव गढूळ होत. खंडेराव महाराजांनी नर्मदेचे पाणी आणण्याचा घाट घातला, पण तो तडीस गेला नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत अखेर आजव्यास मातीचा लांबलचक बांध उभा राहिला आणि शहरात नळाचे पाणी आले. तेही पाणीगेटच्याच दिशेने.