सोरायसिस : दाहातील त्वचापेशींचा वाटा

सोरायसिसमध्ये कोपर, गुडघे, कंबर आणि डोक्याची त्वचा अशा ठिकाणी लालसर, जाड चट्टे उठतात व त्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात. हा दाह केवळ रक्तातून आलेल्या प्रतिकारपेशींमुळे होत नाही. बाह्यत्वचेतील केराटिनपेशीही तो पेटवतात आणि धगधगत ठेवतात. टी-पेशी या प्रतिकारपेशींना आवरणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाने चट्टे ओसरतात हे १९७९ साली लक्षात आल्यावर संशोधकांचा रोख टी-पेशींकडे वळला आणि केराटिनपेशी बराच काळ निव्वळ बळी मानल्या गेल्या. ती समजूत अपुरी होती.

निरोगी त्वचेत केराटिनपेशी तळाच्या थरातून वर सरकत साधारण महिन्याभरात गळून पडते. सोरायसिसमध्ये हा प्रवास आठवड्याच्या आतच उरकतो. पेशी अर्धवट पक्व राहते, वरच्या थरातही तिचे केंद्रक टिकून असते आणि पापुद्रे साचतात.

खरचटलेल्या जागी नवे चट्टे उठतात, हे हाइनरिश कोबनर यांनी १८७२ मध्ये सांगितले होते. त्यामागची एक साखळी २००७ साली उलगडली. दुखावलेल्या केराटिनपेशी एलएल-३७ हे जंतुनाशक प्रथिन सोडतात. ते मृत पेशींच्या डीएनएला चिकटते आणि शरीराचाच डीएनए प्रतिकारपेशींना परका भासू लागतो. त्या इंटरफेरॉन स्रवतात. पुढे इंटरल्यूकिन-२३ या संदेशवाहक प्रथिनाच्या प्रभावाखाली टी-पेशी इंटरल्यूकिन-१७ आणि २२ सोडू लागतात. इंटरल्यूकिन-२२मुळे केराटिनपेशींची वाढ बेसुमार होते. इंटरल्यूकिन-१७चा संदेश मिळताच त्या असे रासायनिक संकेत सोडतात, की न्यूट्रोफिल पेशी आणि आणखी टी-पेशी तिथे जमतात. नव्या टी-पेशी पुन्हा इंटरल्यूकिन-१७ स्रवतात. मूळ जखम भरून आली, तरी हे चक्र थांबत नाही.

आरंभ त्वचापेशींकडूनही होऊ शकतो, याचा भक्कम पुरावा आनुवंशिकीने दिला. कार्ड-१४ हे जनुक त्वचेत मुख्यतः केराटिनपेशींत कार्यरत असते. त्यातील बदलांमुळे काही कुटुंबांत सोरायसिस होतो, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. अंगभर पुवाच्या पुळ्या उठणाऱ्या गंभीर प्रकारात केराटिनपेशींकडूनच येणाऱ्या इंटरल्यूकिन-३६ला आवर राहत नाही.

उपचार या साखळीच्या वेगवेगळ्या कड्यांवर बेतलेले आहेत. कॅल्सिपोट्रिऑलचे मलम केराटिनपेशींची वाढ मंदावते. २०१३ मध्ये भारतात उपलब्ध झालेले, बंगळूरच्या बायोकॉन कंपनीचे इटोलिझुमॅब टी-पेशींना रोखते. अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेले सेक्युकिनुमॅब इंटरल्यूकिन-१७ अडवते. टी-पेशी आणि केराटिनपेशी यांच्यातला दुवाच त्याने तुटतो, म्हणून त्याचा परिणाम अधिक ठळक दिसतो. मात्र औषध थांबवल्यावर चट्टे बहुधा जुन्याच जागी परततात, कारण टी-पेशींचा एक गट बऱ्या दिसणाऱ्या त्वचेतही मुक्कामाला राहतो.

सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर घेऊन अचानक बंद केल्यास तो पुळ्यांच्या रूपात उसळू शकतो. त्यामुळे रुग्णांनी औषधाच्या दुकानातून परस्पर उपाय करण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.