नेतृत्व कुठं शिकतात?

मंडळी, नाना देशांच्या, नाना भाषांच्या माणसांना बरोबर घेऊन काम कसं करावं, हे शिकवणाऱ्या मोठमोठ्या संस्था आज आहेत. आपल्या मढपासून जवळच, जुन्नरला, चारशे वर्षांपूर्वी हेच शिक्षण चालू होतं. वर्ग नव्हता, एवढंच.

मलिक अंबर मूळचा इथिओपियातला, गुलाम म्हणून विकला गेलेला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, तोही हबशीच. त्याच्या हाताखाली अंबर कारभार शिकला. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतलं, तेव्हा त्यानं मुर्तझाला गादीवर बसवून राज्य सावरलं. काही काळ राजधानी जुन्नरला होती. त्याच्या सैन्यात हबशी, दख्खनी, मराठे, सगळे होते. १६२४ ला भातवडीत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले.

१६३३ मध्ये दौलताबाद मोगलांकडं गेलं. त्याच सुमारास शहाजीराजांनी काय केलं? निजामशाही घराण्यातलं लहान मूल गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः पाहिला. अंबरचाच धडा, नाही का?

आणि बघा, दोघांचं कायम पटलं असंही नाही. भातवडीनंतर शहाजीराजे आदिलशाहीत निघून गेले होते. म्हणजे ज्याच्याकडून शिकायचं तो आपला, आवडता असलाच पाहिजे असं नाही. परक्याला जबाबदारी देणं सोपं. परक्याकडून शिकणं अवघड. नेतृत्वाची परीक्षा तिथं होते.