ऑलिंपिकचं गोल्ड जिंकलं, पण टीमला पत्ताच नव्हता!

मागच्या वेळी कमेंटमध्ये एकाने विचारलं होतं, 'क्रिकेट ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच येतंय ना?' नाही भावा, पहिल्यांदा नाही. एकदा येऊन गेलंय. फक्त एक मॅच झाली, आणि जे ती खेळले त्यांना आपण ऑलिंपिक खेळतोय हे माहीतच नव्हतं. आज तीच गोष्ट. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

आधी टीमची ओळख करून घेऊ. नाव होतं डेव्हन अँड सॉमरसेट वाँडरर्स. डेव्हन आणि सॉमरसेट हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचे दोन शेजारी परगणे. वाँडरर्स म्हणजे भटके. या टीमला स्वतःचं ग्राउंड नव्हतं. ही दौरे करण्यासाठीच जमवलेली मंडळी होती. विल्यम डॉन नावाच्या गृहस्थाने १८९४ मध्ये ही टीम उभी केली. त्यात काही जण कॅसल केरी या गावच्या क्रिकेट क्लबचे आणि काही टिव्हर्टनच्या ब्लंडेल्स शाळेचे माजी विद्यार्थी. म्हणजे आपल्याकडे कॉलेजची जुनी गँग आणि सोसायटीची टीम मिळून 'चला, गोव्याला एक मॅच मारून येऊ' म्हणतात ना, तसलाच प्रकार. सगळे हौशी. खेळायचे पैसे मिळत नाहीत, उलट आपलेच जातात.

१९०० च्या ऑगस्टमध्ये ही मंडळी फ्रान्सच्या दौऱ्यावर निघाली. इंग्लंडमधला क्रिकेटचा सीझन तेव्हा उताराला लागलेला असतो, पण कौंटीच्या मॅचेस चालूच असतात. त्यामुळे मोठे खेळाडू तिकडे अडकलेले. आपला रणजी, म्हणजे नवानगरचा रणजितसिंहजी, त्या सीझनमध्ये ससेक्सकडून खेळत होता आणि त्याने ३,००० च्या वर रन्स काढले. इंग्लंडने खरोखर राष्ट्रीय टीम पाठवली असती, तर त्याचं नाव नक्की चर्चेत आलं असतं. पण राष्ट्रीय टीम वगैरे काही निवडलीच गेली नाही. पॅरिसला गेले ते हे भटके. त्यांच्यापैकी फक्त दोघे फर्स्ट क्लास क्रिकेट खेळले, आल्फ्रेड बोवरमन आणि माँटेग्यू टोलर, दोघेही सॉमरसेटकडून.

आता पॅरिसमध्ये काय चाललं होतं ते बघू. त्या वर्षी तिथे एक प्रचंड जागतिक प्रदर्शन भरलं होतं. एप्रिल ते नोव्हेंबर, आणि बघायला आलेल्यांचा आकडा ५ कोटींच्या आसपास. या जत्रेतच खेळांच्या स्पर्धा घुसवल्या होत्या. त्या पाच-साडेपाच महिने चालल्या. उद्घाटन सोहळा नाही, समारोप नाही. सरकारी कागदांवर नाव काय, तर 'शारीरिक व्यायाम आणि खेळांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा'. 'ऑलिंपिक' हा शब्द फारसा कुठे दिसायचाच नाही. ज्या कूबर्तँने आधुनिक ऑलिंपिक सुरू केलं, त्यालाच आयोजकांनी बाजूला बसवलं होतं. धावणं, पोहणं, टेनिस होतंच, आणि त्याच जत्रेत फुगे उडवण्याची आणि मासे पकडण्याचीसुद्धा स्पर्धा होती. यातलं ऑलिंपिक कुठलं आणि जत्रेतला कार्यक्रम कुठला, हे त्या वेळी कोणालाच नीट सांगता आलं नसतं.

क्रिकेटसाठी चार देश येणार होते: ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स. पैकी बेल्जियम आणि नेदरलँड्स गळाले. उरले दोन. म्हणजे पहिली मॅच हीच फायनल!

आणि फ्रान्सची टीम तरी कुठे फ्रेंच होती? पॅरिसमधल्या क्लबांतून जमवलेली ती टीम, आणि त्यात बहुतेक सगळे तिथे कामाधंद्यासाठी राहणारे इंग्रज. म्हणजे एका बाजूला इंग्लंडहून आलेले इंग्रज, दुसऱ्या बाजूला पॅरिसमध्ये राहणारे इंग्रज. दुबईतल्या मराठी मंडळाची टीम पुण्याहून आलेल्या टीमशी खेळतेय आणि स्कोअरबोर्डवर 'यूएई विरुद्ध भारत' लिहिलंय, अशी कल्पना करा.

मॅच झाली १९ आणि २० ऑगस्टला, रविवारी आणि सोमवारी, व्हँसेनच्या व्हेलोड्रोममध्ये. व्हेलोड्रोम म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक, त्याच्या मधल्या मोकळ्या जागेत पिच. स्टँड हजारो लोकांसाठी बांधलेले, आणि ते जवळपास रिकामे. दोन्ही बाजूंना ११ ऐवजी १२ खेळाडू. दोन दिवस, दोन-दोन इनिंग्ज.

आता स्कोअर ऐका. ब्रिटनच्या पहिल्या इनिंगमध्ये ११७. त्यात फ्रेडरिक कमिंगचे ३८, सगळ्यात जास्त. मग फ्रान्स ७८ वर ऑल आउट, फ्रेडरिक ख्रिश्चनला ७ विकेट्स. दुसऱ्या इनिंगमध्ये कॅप्टन बीचक्रॉफ्टने ५४ आणि बोवरमनने ५९ काढले, आणि ५ बाद १४५ वर डाव घोषित केला. फ्रान्सला जिंकायला हवे होते १८५.

ते होणार नव्हतेच. पण फ्रान्सला जिंकायची गरजही नव्हती. वेळ संपेपर्यंत टिकलं की मॅच ड्रॉ. आता खरी मजा इथे आहे. टोलरने बॉलिंग टाकली आणि ९ रन्स देऊन ७ विकेट्स घेतल्या. फ्रान्स २६ वर संपलं, १५८ रन्सनी हरलं. शेवटची विकेट पडली तेव्हा खेळ संपायला उरली होती फक्त ५ मिनिटं. रिकामं स्टेडियम, बघणारं कोणी नाही, आणि तरीही एक बाजू मॅच वाचवायला झुंजतेय आणि दुसरी शेवटची विकेट काढायला जीव तोडतेय. सीझनच्या शेवटी अवे मॅच खेळलेल्या कुणालाही हे कळेल. त्या ५ मिनिटांत कोणी पदकाचा विचार करत नाही.

बक्षीस काय मिळालं? जिंकणाऱ्यांना रौप्य, हरणाऱ्यांना कांस्य, आणि सोबत आयफेल टॉवरची छोटी प्रतिकृती. गोल्ड कोणालाच नाही. बक्षीस घेऊन मंडळी घरी गेली. जागतिक प्रदर्शनात एक मॅच खेळून आलो, एवढंच त्यांच्या डोक्यात.

या मॅचला अधिकृतपणे ऑलिंपिकचा दर्जा मिळाला १९१२ मध्ये. तब्बल १२ वर्षांनी. पुढे नोंदीत रौप्याचं सुवर्ण झालं आणि कांस्याचं रौप्य. मैदानावर एक बॉलही नव्याने पडला नाही.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला ही गोष्ट फार ओळखीची वाटते. फाईल आधी तयार होते, टॅग नंतर लागतो. टॅग लागल्यावर ती सर्चमध्ये वर येते, पण आतला मजकूर तोच असतो. इतिहासातही असंच होतं. आपल्याला जी घटना 'ऐतिहासिक' म्हणून शिकवली जाते, ती घडताना घडवणाऱ्यांसाठी साधा रविवार असू शकतो.

आणि १९०० च्या पॅरिसमध्ये हे फक्त क्रिकेटवाल्यांचं झालं नाही. मार्गारेट ॲबट नावाची अमेरिकन तरुणी, जन्म कलकत्त्याचा. पॅरिसमध्ये होती, गोल्फची ९ होलची एक स्पर्धा खेळली आणि जिंकली. बक्षीस चिनी मातीचा एक बोल. ती १९५५ मध्ये वारली. आपण ऑलिंपिक विजेत्या आहोत हे तिला आयुष्यभर कळलं नाही. दुसरा नॉर्मन प्रिचर्ड, तोही कलकत्त्याचाच. २०० मीटर धावणं आणि २०० मीटर अडथळा शर्यत, दोन्हींत रौप्य. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या नोंदीत ही दोन्ही पदकं भारताची आहेत. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नोंदीत तीच ब्रिटनची. माणूस एक, शर्यत एक, पळालेलं अंतर एक, आणि देश दोन. प्रिचर्ड पुढे हॉलिवूडमध्ये मूकपटांत कामं करत होता. हा वाद मिटवायला तो हयात नाही.

म्हणजे लेबल कोण लावतं, कधी लावतं, यावर बरंच काही ठरतं. आणि लेबल न लागलेल्यांचं काय?

त्यासाठी १४ वर्षं मागे आणि थेट मुंबईत येऊ. १८८६ मध्ये मुंबईच्या पारशी क्रिकेटपटूंची टीम बोटीने इंग्लंडला गेली. भारतातून परदेश दौऱ्यावर गेलेली ही पहिली क्रिकेट टीम. हेही हौशीच. २८ मॅचेस खेळले, जिंकली फक्त १, हरले १९, बाकी ड्रॉ. घरी परतल्यावर कोणीही 'झालं एवढं पुरे' म्हटलं असतं. हे पुन्हा १८८८ मध्ये गेले. या वेळी ३१ मॅचेस, ८ विजय, ११ पराभव. मेहेलाशा पावरीने त्या एका दौऱ्यात १७० विकेट्स घेतल्या. पुढे तो डॉक्टर पावरी म्हणून ओळखला गेला. आणि १८९० मध्ये इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या टीमला पारशांनी मुंबईतच हरवलं.

आता तुलना करा. पॅरिसची मॅच रिकाम्या स्टँडसमोर झाली, त्यानंतर फ्रान्समध्ये क्रिकेटची लाट वगैरे आली नाही, आणि तिच्यावर ऑलिंपिक सुवर्ण लिहिलेलं आहे. पारशांच्या दौऱ्यांवर कुठलंच पदक नाही. पण त्यांनी जे सुरू केलं त्यातून मुंबईत पारशी विरुद्ध युरोपियन सामने उभे राहिले, मग हिंदू आले, मुस्लिम आले, आणि या शहराला क्रिकेटचं वेड लागलं ते आजतागायत. क्विझमध्ये वाँडरर्स विचारले जातात. पावरीचं नाव विचारलं तर किती हात वर होतील? वाँडरर्सचा यात काहीच दोष नाही, ते बिचारे खेळून घरी गेले. पण कोण मोठं हे ठरवताना आपण फक्त टॅग बघणार असू, तर गडबड आपली आहे.

या गोष्टीला मुंबईचा अजून एक धागा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. तिथेच क्रिकेटला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घ्यायचं ठरलं. टी-ट्वेंटी, पुरुष आणि महिला दोन्ही. १९०० ते २०२८, १२८ वर्षांचा गॅप. आणि तो संपवणारा निर्णय झाला पारशी बोटीत बसून निघाले होते त्याच शहरात. २०२८ च्या फायनलला आपण ऑलिंपिक खेळतोय हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत असेल, आणि स्टँड रिकामे असण्याची तर शक्यताच नाही.

जाता जाता एकच गोष्ट. १९१२ मध्ये त्या मॅचला दर्जा देता आला, कारण स्कोअर कोणीतरी लिहून ठेवला होता. टोलरचे ७ बळी, कमिंगचे ३८, बोवरमनचे ५९, हे सगळं कागदावर होतं म्हणून आज मी तुम्हाला सांगू शकतो. तो कागद नसता तर टॅग लावायला फाईलच उरली नसती. आपल्याकडे गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, कंपन्यांच्या लीग होतात, सीझनच्या शेवटी शेजारच्या तालुक्यात जाऊन एक मॅच होते. वहीत स्कोअर असतो, पुढच्या सीझनला नवी वही येते आणि जुनी रद्दीत जाते. हल्ली ॲपवर असतो, फोन बदलला की गेला.

तेव्हा घरी, क्लबमध्ये, शाळेच्या कपाटात कुठे जुनी स्कोअरबुकं असतील, तर रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही पोहोचा. फोटो काढून ठेवा. वर तारीख आणि गावाचं नाव लिहा. जमलं तर अंपायर कोण होता तेही. आणि त्या मॅचमध्ये खेळलेले काका, आजोबा अजून आहेत तर त्यांना विचारा, शेवटची विकेट कशी पडली होती. ते अर्धा तास बोलतील, तुम्ही फक्त रेकॉर्डिंग चालू ठेवा.

तुमच्या गावच्या अशा एखाद्या मॅचची गोष्ट असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा. चला, भेटू पुढच्या भागात!