कोरडी फरशी खोटं बोलते

आजचा विषय लढाईचा नाही, तरी त्यात माणसं मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. उंचावरून पडणंही यात आलं. मृतांत साठीपुढचे सर्वाधिक, म्हणजे माझ्या वयाचे. मग पायाखालची फरशी किती निसरडी आहे, हे मोजायला माणूस कधी शिकला?

घर्षणाचे नियम जुने आहेत. १६९९ साली फ्रान्समध्ये आमाँताँने ते मांडले. पुढे फ्रेंच सैन्यातल्या कूलाँब नावाच्या इंजिनिअरने स्थिर वस्तूचं आणि सरकत्या वस्तूचं घर्षण वेगवेगळं तपासलं. १७८१ मध्ये त्याला अकादमीचं पारितोषिक मिळालं. पण हा अभ्यास यंत्रांसाठी होता, चालणाऱ्या माणसासाठी नव्हता.

१९४० च्या दशकात अमेरिकेत सिडनी जेम्स यांचं यंत्र आलं. चामड्याचा तुकडा फरशीवर दाबायचा आणि तो कधी सरकतो ते पाहायचं. ०.५ गुणांक मिळाला की फरशी पास. कोरड्या, पॉलिश केलेल्या फरशीला हे ठीक होतं. ओल्या फरशीवर मात्र अशी परीक्षा फसते. स्थिर तुकड्याखालचं पाणी दबून बाहेर जातं, तुकडा चिकटतो आणि आकडा उगाच चांगला येतो. चालताना टाच तिरकी आणि वेगात टेकते. पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही. त्याचा पातळ थर मध्ये उरतो आणि पाय जातो.

त्याच दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये पर्सी सिगलर यांनी लंबकाला टाच बसवली. लंबक सोडायचा, टाच फरशीला घासून जाते. पलीकडे लंबक जितका कमी चढेल, तितकी फरशीची पकड जास्त. त्यांनी कोरडी आणि ओली अशा दोन्ही फरशा तपासल्या. पुढे ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने हा लंबक ओल्या रस्त्यांसाठी सुधारला आणि तोच पुन्हा फरशांकडे वळला. ब्रिटनमध्ये आज ३६ किंवा जास्त आकडा आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. २५ च्या खाली आला तर जास्त.

जर्मनांनी माणसालाच परीक्षेत उतरवलं. सुरक्षा पट्टा बांधलेला माणूस तेल ओतलेल्या फरशीवर बूट घालून चालतो आणि उतार हळूहळू वाढवतात. त्यातून आर-९ ते आर-१३ हे वर्ग ठरले. इथे अनेकांची गल्लत होते. आर-९ म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत. ती सर्वांत खालची पायरी आहे, जेमतेम ६ ते १० अंशांच्या उताराची. अनवाणी पायांची परीक्षा वेगळी. ती साबणाच्या पाण्यावर होते आणि तिचे वर्ग ए, बी, सी. त्यांत सी सर्वांत वरचा.

म्हणून न्हाणीघरासाठी टाइल घेताना दुकानात कोरड्या टाइलवर हात फिरवून ठरवू नका. ओल्या, अनवाणी परीक्षेचा वर्ग कोणता, ते विचारा. घरात म्हातारं माणूस असेल तर विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.