इंग्रजी-शिकाऊ विद्यार्थ्यांचे शालेय कार्यक्रम व त्यांचे मूल्यमापन (अमेरिका)

घरची भाषा इंग्रजी नाही आणि वर्गातले इंग्रजी अजून पेलत नाही, अशा मुलांसाठी अमेरिकेतील सरकारी शाळांनी चालवायचे कार्यक्रम आणि ते कामाचे आहेत की नाहीत हे पाहण्याची पद्धत. सरकारी शाळांत अशी मुले साधारण पन्नास लाख, म्हणजे दहांत एक. बहुसंख्य स्पॅनिशभाषक. ही सगळी नुकतीच परदेशातून आलेली असतात हा समज चुकीचा आहे. निम्म्याहून अधिक मुले अमेरिकेतच जन्मलेली आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोतील सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्रजीची कसलीच मदत मिळत नव्हती. त्यांच्या पालकांच्या दाव्यात (लाऊ विरुद्ध निकोल्स, १९७४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सगळ्यांना तीच पुस्तके व तेच शिक्षक दिले म्हणून समान शिक्षण दिले असे होत नाही. मदत कोणत्या पद्धतीने करायची, हे मात्र निकालात नव्हते. कार्यक्रम पुरेसा आहे का हे तपासण्याची कसोटी १९८१ साली टेक्सासमधील रेमंडव्हिलच्या कास्तान्येदा खटल्यात मिळाली. कार्यक्रमामागे तज्ज्ञांना मान्य असा विचार आहे का? तो राबवायला शिक्षक आणि साधने पुरेशी आहेत का? काही काळ चालवल्यावर फळ दिसते का? तिसऱ्या प्रश्नामुळे मूल्यमापन हे शाळेच्या मर्जीवरचे काम राहिले नाही.

प्रवेशाच्या वेळी पालक घरच्या भाषेचा अर्ज भरतात. तिथे ‘मराठी’ लिहिले की न्यू जर्सीत जन्मलेल्या मुलालाही चाचणीला बसवले जाऊ शकते. चाचणीत कमी पडलेली मुले इंग्रजी-शिकाऊंच्या यादीत जातात आणि त्यांची पुढे दरवर्षी ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे अशी परीक्षा होते. तीसहून अधिक राज्ये ‘विडा’ या राज्यसंघाची परीक्षा वापरतात, कॅलिफोर्नियाची स्वतःची आहे. ठरलेली पातळी गाठली की मूल यादीतून बाहेर पडते.

मूल्यमापनाची खरी गोम इथेच आहे. जी मुले इंग्रजीत तयार होतात ती यादीतून जातात, नवखी येतात. त्यामुळे गटाची सरासरी कायम खालीच दिसते आणि चांगली शाळाही नापास ठरते. तीस मुलांपैकी दहा बाहेर पडली आणि दहा नवी आली, तर गेलेल्या दहांचे यश कुठल्याच रकान्यात उरत नाही. म्हणून २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्याने बाहेर पडलेल्या मुलांचे गुण चार वर्षांपर्यंत त्याच गटात धरण्याची मुभा राज्यांना दिली.

दुसरी चूक घाईची. केंजी हाकुता व सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे बोलण्यातल्या इंग्रजीवर पकड यायला तीन ते पाच वर्षे लागतात, अभ्यासाच्या भाषेला चार ते सात. इलाना उमान्स्की आणि शॉन रिअर्डन यांच्या २०१४ च्या अभ्यासात इंग्रजीबरोबर स्पॅनिशमधूनही शिकणारी लॅटिनो मुले प्राथमिक शाळेत मागे दिसली, पण शालान्त टप्प्यापर्यंत यादीतून बाहेर पडण्याचे त्यांचे प्रमाण केवळ इंग्रजीतून शिकणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. चौथीत मोजणारा आणि बारावीत मोजणारा यांचे निष्कर्ष उलटे येणार. मतदार एवढे थांबत नाहीत. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये द्विभाषिक शिक्षणावर मतदानाने निर्बंध घातले आणि २०१६ मध्ये मतदानानेच ते उठवले. मधल्या काळात, २००६ साली, त्या निर्बंधांच्या पाच वर्षांच्या मूल्यमापनाचा अहवाल आला होता. कोणतीही एक पद्धत निर्विवाद श्रेष्ठ ठरवता येत नाही, असे त्यात म्हटले होते.

सुधारणेचे काम त्यामानाने साधे, पण चिकाटीचे आहे. इंग्रजीच्या तासासाठी मुलाला विज्ञानाच्या वर्गातून उठवून नेले, तर त्याचे विज्ञान बुडते. त्याऐवजी भाषाशिक्षक वर्गातच येऊन विषयशिक्षकासोबत शिकवू शकतो. प्रशिक्षित शिक्षकांचा तुटवडा ही मात्र जुनी अडचण आहे. वर्षानुवर्षे यादीतच राहिलेल्यांचा प्रश्न वेगळा. मैदानावर त्यांचे इंग्रजी अस्खलित असते. प्रयोगाचा निष्कर्ष कारणांसह लिहायला सांगितला की लेखणी अडते. नवागतांच्या प्राथमिक तासाला बसवून त्यांचे काही भले होत नाही. कॅलिफोर्नियाने २०१२ च्या कायद्याने त्यांची वेगळी मोजणी सुरू केली.

बाहेर पडण्याची पातळी राज्याराज्यांत वेगळी आहे. ‘विडा’च्या त्याच परीक्षेत तेवढेच गुण मिळवलेले मूल एका राज्यात मोकळे होते, शेजारच्या राज्यात आणखी वर्षभर यादीत राहू शकते.