कॅपेसिटर बँक बिघडतेय हे उपकेंद्राला कसं कळतं?

पंपाला कॅपेसिटर लावा, असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार का सांगतं? आगाशी-अर्नाळ्याच्या वाडीतल्या विहिरीवरची मोटर घ्या. पाणी उपसायला तिला वीज लागतेच, शिवाय आतलं चुंबकीय क्षेत्र टिकवायला वेगळी 'रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर' लागते. तिच्याने पाणी चढत नाही, पण तारा तापतात आणि लाइनच्या टोकाला व्होल्टेज पडतं. कॅपेसिटर ही पॉवर जागच्या जागी पुरवतो. 5 एचपीच्या पंपाला साधारण 2 केव्हीएआरचा चालतो.

पंपाच्या डब्यात तीन कॅपेसिटर 'डेल्टा'त, म्हणजे त्रिकोणात जोडलेले असतात. तेच तीन 'स्टार'मध्ये जोडले, तर क्षमता एक तृतीयांशच मिळते.

मग उपकेंद्रातल्या मोठ्या बँकांना सहसा स्टार का? कारण सुरक्षितता. उच्च दाबावर डेल्टातला एक कॅपेसिटर शॉर्ट झाला, तर दोन फेज थेट एकमेकांना भिडतात. स्टारचा मध्यबिंदू, म्हणजे न्यूट्रल, जमिनीला जोडला नसेल, तर एक फेज पूर्ण शॉर्ट होऊनही त्यातला करंट नेहमीच्या तिप्पटच होतो. मात्र उरलेल्या दोन फेजवर 1.73 पट व्होल्टेज येतं. ते फार वेळ सोसवत नाही.

खरी अडचण लहान बिघाडाची. बँकेत अनेक डबे, प्रत्येक डब्यात अनेक छोटे घटक. एखादा घटक गेला तर फेजचा करंट इतका कमी बदलतो, की साध्या ओव्हरकरंट रिलेला पत्ताच लागत नाही. इकडे उरलेल्या घटकांवरचा ताण वाढतो आणि एकामागून एक जाऊ लागतात.

यावरचा उपाय 'डबल स्टार'. बँकेचे दोन सारखे स्टार करून त्यांचे न्यूट्रल एका तारेने जोडतात आणि तिच्यावर करंट मोजणारा सीटी बसवतात. सगळं ठीक असेल तर या तारेत करंट जवळपास शून्य. एका बाजूचा घटक गेला की करंट वाहू लागतो. रिले आधी अलार्म देतो, बिघाड वाढला तर ब्रेकर पाडतो. हुशार युक्ती आहे, पण एकाच फेजमध्ये दोन्ही बाजूंना सारखाच बिघाड झाला तर तीही फसते. म्हणून अधूनमधून प्रत्येक डबा मोजावा लागतो.

वीज बंद केल्यावरही कॅपेसिटरमध्ये चार्ज उरतो. उच्च दाबाच्या डब्यातला रेझिस्टर 10 मिनिटांत तो 75 व्होल्टपर्यंत उतरवतो. पण रेझिस्टर तुटला असेल तर बाहेरून दिसत नाही. त्यामुळे थांबूनही प्रत्येक डबा शॉर्ट आणि अर्थ केल्याशिवाय कर्मचारी हात लावत नाहीत. वाडीतल्या पंपाचा डबाही मेन स्विच पाडल्या पाडल्या उघडू नका, ते काम वायरमनचं.